चार अंशांचा दादा

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. म्हणजे घरात ती कुणी सांगितलीच नाही असं नाही. दर लग्नात, दर बारशात सांगितली गेली, पण चुकीची. ती चुकीची आहे हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि माझ्या वहिनीला.

मी नांदेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. फॅरेनहाइटचं सेल्सिअस करणं पोरांकडून घोकून घेतलं: बत्तीस वजा, गुणिले पाच, भागिले नऊ. बत्तीस का, तर पाणी सेल्सिअसच्या शून्याला गोठतं आणि फॅरेनहाइटच्या बत्तीसला. आपल्याकडे गंमत अशी की ऊन सेल्सिअसमध्ये तापतं आणि माणूस फॅरेनहाइटमध्ये. "ऊन बेचाळीस, ताप एकशे दोन" हे लोक एका दमात बोलतात आणि कुणाचं काही अडत नाही.

माझं अडलं. मे महिन्यातल्या एका दुपारी रेणापूरजवळच्या आमच्या गावाहून वहिनीचा फोन आला. दादाला ताप होता. नातीने आकडे दाखवणारं नवं थर्मामीटर आणलं होतं, आणि वहिनी त्याच नातीकडून नुकतीच आकडे नि मराठी-इंग्रजी अक्षरं शिकली होती.

"भावजी, एकोणचाळीस पॉइंट दोन दाखवून राहिलंय."

"नीट बघा, वहिनी. एकशे काहीतरी असेल."

"न्हाई हो. एकोणचाळीसच. फुडं इंग्रजी अक्षर बी हाय, सी."

"ते कंपनीचं नाव असेल," मी म्हणालो.

मग हात सवयीने चालला. बत्तीस वजा, गुणिले पाच, भागिले नऊ. उत्तर आलं चार. बरोब्बर चार, शेष शून्य. इतकं सुबक उत्तर चुकीचं असेल असं कोणत्या शिक्षकाला वाटेल? माझा सख्खा भाऊ फ्रिजमधल्या दुधाइतका गार पडला होता.

"वाकळा टाका अंगावर! शेगडी पेटवा!"

"भावजी, भाईर बेचाळीस ऊन हाय."

"वहिनी, मी विज्ञानाचा माणूस आहे."

मिळेल त्या बसने निघालो. पोचलो तेव्हा दादा तीन वाकळांखाली, दोन्ही बाजूंना शेगड्या, तोंड भाजलेल्या वांग्यासारखं. तो वाकळा फेकायचा, शेजारी पुन्हा टाकायचे. गुरुजींचा निरोप होता ना.

"आरं, भरीत करून राहिलात का माझं?" तो ओरडत होता.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आधी शेगड्या बाहेर काढल्या, मग थर्मामीटर पाहिलं; तो सी सेल्सिअसचा, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. "ताप एकशे दोनच्या वर आहे. हे उद्योग कुणी सांगितले?"

सगळं घर माझ्याकडे बघू लागलं. त्यातले निम्मे मला गुरुजी म्हणणारे. आणि मी म्हणालो, "वहिनींनी आकडा चुकीचा वाचला."

वहिनीने माझ्याकडे एकदाच पाहिलं. पदर सारखा केला आणि म्हणाली, "हाव, माझंच चुकलं."

दादा तीन दिवसांत उठला. वहिनी मात्र कायमची सापडली. "वहिनी, चहा किती डिग्री?" असं जावई विचारायचे. "हिच्या हातात मीटर देऊ नका, लई महागात पडतं," असं दादाच सांगायचा. ती सगळ्यांबरोबर हसायची. पण नातीची पाटी तिने माळ्यावर टाकली ती टाकलीच. अजून ती बसची पाटी कुणाला तरी विचारते.

गेल्या महिन्यात मुद्दाम गावी गेलो. परतताना ती लातूरला जायला माझ्यासोबत फाट्यावर आली. लांबून बस दिसली. वाक्य पाठ करून आणलं होतं: वहिनी, तुम्ही बरोबर वाचलं होतं, सी सुद्धा, मलाच वाचता आलं नाही, मला माफ करा.

"कुठली हाय हो, भावजी?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "लातूर."