पुलाला लावलेला चुना

साहेब घोड्यावरून उतरले, कोरड्या नाल्यात गेले, कमानीखालून वर बघितलं आणि मला विचारलं, "दरार किधर है?"

मी बघतच राहिलो. आठ दिवसांपूर्वी त्या भेगेत मी स्वतः मूठ घालून बघितली होती. आता तिथं पांढराशुभ्र चुना. कठडे पांढरे, रस्त्यावरच्या खड्ड्यांत ताजा मुरूम, वर आंब्याच्या पानांचं तोरण. पुलाचं लग्नच लागायचं होतं म्हणा ना.

मी तेव्हा निजाम सरकारच्या तामीरात, म्हणजे बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. बीडहून आंबेजोगाईला जाणारा रस्ता माझ्याकडे. त्यावरचा हा तीन कमानींचा बुटका दगडी पूल कुणी बांधला, ते गावात कुणालाच सांगता येत नव्हतं. कमानीच्या माथ्यावर मधोमध एक दगड असतो, त्याला आम्ही चावी म्हणतो. दोन्हीकडचे दगड तिच्यावर रेलून असतात. मधल्या कमानीची चावी खाली घसरून तिच्या बाजूला ही भेग पडली होती. मी तीन रिपोर्ट पाठवले. दर वेळी उत्तर एकच: पूल उभा आहे, पुढच्या साली बघू. अखेर हैदराबादहून इंजिनिअर साहेब स्वतः आले. त्यांनी नाही म्हटलं की विषय संपला. पावसाळा महिन्यावर आला होता. धान्याच्या गाड्या, टपालाचा टांगा, दवाखान्यात न्यायची माणसं, सगळं याच पुलावरून जायचं.

मी गावच्या पाटलांना बाजूला घेतलं. माझा आवाज चढलाच. "पाटील, हे काय करून ठेवलंत?"

गणपतराव पाटील भला माणूस. त्यांना माझा राग कळेचना. "सरकार येनार म्हनल्यावर त्यास्नी घाण दाखवावी का? तीन दिस अख्खं गाव राबलंय. तुमी कावून चिडता?"

तोवर साहेब पुलावरून फिरून आले. त्यांना काम मजबूत दिसत होतं. मी म्हटलं, भेग चुन्याखाली दडली आहे, पूल उभा आहे तोवरच त्याच्यावर खर्च करण्यात अर्थ आहे, पडल्यावर रस्ताच राहणार नाही. साहेबांनी पाटलांना विचारलं. पाटील हात जोडून म्हणाले, पूल लई बेस हाय. झालं! साहेबांनी रिकिबीत पाय घातला.

तेवढ्यात चुन्याच्या कामावरच्या बायांमधून एक पुढं आली. सरजा तिचं नाव. नवरा गाडीवान, दिवसाआड भरली गाडी घेऊन याच पुलावरून जायचा. पाटलांनी डोळे वटारले, तरी ती थांबली नाही.

"सरकार, ती फट म्याच बुजवलीया. हात कोपरापत्तुर आत गेलता. तरी दगड लागला न्हाई."

मी साहेबांना उर्दूत सांगितलं. ते परत नाल्यात उतरले. चुना अजून ओला होता. त्यांनी हातातली छडी तिथं खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली. साहेबांनी छडी बाहेर ओढून तिचा चुना पुसला. मग तिथंच हुकूम लिहवला: आजपासून पुलावर गाड्या बंद, गाड्यांना जायला नाल्यातून उतार करून द्यावा, नव्या पुलाचं एस्टिमेट ताबडतोब हैदराबादला पाठवावं.

भाद्रपदात भर दुपारी मधली कमान खाली आली. पुलावर कुणी नव्हतं. सरजाचा नवरा पाणी ओसरायची वाट बघत काठावर गाडी सोडून बसला होता. त्यानंच बीडला येऊन मला सांगितलं.

नव्या पुलाचं काम पुढच्या उन्हाळ्यात लागलं. फाइलीत मी लिहिलं की दोष साहेबांच्या नजरेस आला. सरजाचं नाव कुठंच नाही. चारचौघांत गावाला मान खाली घालायला लावली म्हणून पाटलांनी तिला गावच्या कामावर बोलावणं बंद केलं होतं. ती साइटवर काम मागायला आली. मजूर ठेवणं माझ्या हातात होतं. पाटलांचं मन राखायला मी जागा नाही म्हणालो. ती "बरं" म्हणाली आणि गेली. मला त्याची आजही लाज वाटते.

पुढं कुठंही पाहणीला गेलो की मी आधी चुना भरणाऱ्यांना गाठायचो, भेग किती खोल आहे ते विचारायचो. तेवढं एक शिकलो. सांगणाऱ्याच्या बाजूनं उभं राहणं मात्र नोकरी संपेपर्यंत जमलं नाही.