जुईचे हात

मुलांच्या या उपचार केंद्रात संगणकाला जोडलेला एक पडदा आहे. त्याच्यासमोर नुसता हात हलवला तरी सूर निघतो, कशाला शिवावंही लागत नाही. आमच्या आधीचा चिमुरडा पाखरासारखे हात फडफडवत होता, खोलीभर घंटा किणकिणत होत्या आणि त्याची आई हसत होती.

मग माझी जुई उभी राहिली आणि खोली गप्प झाली. तिचे हात अंगाला चिकटलेले. स्वमग्न आहे ती. लहानपणी तीही अशीच हात फडफडवायची. लग्नाच्या पंगतीत माना वळायच्या आणि मी दबक्या आवाजात दटावायचो. अखेर तिचे हात थांबले. पोर शहाणी झाली, असं मी कौतुकानं सांगत फिरलो. त्या हातांत काही असेल, हे मनातही आलं नाही.

"बाबा, तुम्ही करून दाखवा ना," तिथल्या ताई म्हणाल्या.

मी अवघडत हात हलवले. वेडावाकडा का होईना, सूर उमटला. जुई लगबगीनं आली, तिनं माझी मनगटं धरून खाली दाबली आणि थेट माझ्याच दबक्या आवाजात म्हणाली,

"जुई, हात खाली. लोक बघतायत."