मामा तलावाचा चौथा रकाना

तारीख ९ डिसेंबर, शनिवार. हजर: मी, गाडी चालवायला हे, मागच्या सीटवर चौदा शोधनिबंधांचा गठ्ठा. गैरहजर: विद्यापीठ.

विद्यापीठ युरोपातले, फार जुने आणि फार नावाजलेले. तिथल्या संशोधकांनी लाखांदूर तालुक्यातल्या एका मामा तलावावर (माजी मालगुजारी तलाव, मामाचा संबंध नाही) चौदा निबंध लिहिले. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ती त्यांच्या भाषेत वाचून दाखवावी, असा त्यांचा नियम आहे. त्यांचे मराठी काम नागपुरात बसून मी करते, म्हणून वाचायला मी. सारांशांचे भाषांतर करून ठेवले होते. यादीतल्या सगळ्या वस्तूंवर खूण झाल्यावरच मी गाडीचे दार लावले. हे तोवर तीनदा हॉर्न वाजवून मोकळे झाले होते.

भंडाऱ्याअलीकडच्या शहापूरला तर्री-पोहे घेतले. पोहेवाल्याने गठ्ठा पाहून विचारले, "पत्रिका वाटून राहिले का जी?" मी सांगितले, तलावात पाणी किती असते याचा अभ्यास आहे. तो म्हणाला, "मंग म्हशीले पुसा. ती रोज आत उतरते." ह्यांना हे इतके पटले की त्यांनी आणखी एक प्लेट मागवली. वेळापत्रक बारा मिनिटांनी मागे पडले.

साकोलीच्या बस स्टँडसमोरून श्रावणजींना घ्यायचे होते. ते सुखदेवभाऊंचे व्याही. सुखदेवभाऊ म्हणजे तलावात विद्यापीठाने रोवलेल्या लोखंडी खांबावरचा आकडा रोज सकाळी सातला वाचून वहीत लिहिणारे गृहस्थ. त्यांनी मला फोनवर एकच गोष्ट मागितली होती: वाचनाला व्याह्यांना घेऊन या. कारण गाडीत बसल्या बसल्या कळले. "आमचे व्याही रोज काडीकडे पाहात उभे राह्यतात," श्रावणजी म्हणाले. "बगळा बी उभा राह्यते, पन त्याले मासोळी भेटते." हा विनोद ते गेली तीन वर्षे प्रत्येक लग्नात आणि तेरवीत करत आले होते. चौदा निबंध व्याह्यांच्या कानांवर पडले म्हणजे बगळा बंद होईल, अशी सुखदेवभाऊंची आशा होती.

साकोलीहून लाखांदूरकडे वळलो. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या (भाताची खाचरे) आणि पुंजणे (धानाच्या पेंढ्यांच्या रचलेल्या गंज्या). एका गावात लोकांनी अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातले होते. ह्यांनी गाडी शिताफीने कडेने घेतली आणि मागचे चाक नालीत घातले. चार बायांनी ढकलून ती बाहेर काढली. श्रावणजी आत बसून सूचना देत होते.

तलाव पाळीवर (त्याच्या मातीच्या बांधावर) चढल्याशिवाय दिसत नाही, आणि मग एकदम सगळाच दिसतो. कमळाची पाने, पलीकडे सागाची रांग, आणि काठाजवळ तो प्रसिद्ध खांब. त्यावर एक खंड्या बसला होता.

समाजमंदिरात सतरंजी अंथरलेली. सुखदेवभाऊ पांढऱ्या सदऱ्यात पहिल्या ओळीत, शेजारी व्याही. मी वाचू लागले. उन्हाळ्यात पाणी कमी होते, हा पहिला निष्कर्ष. मागून एक आजी म्हणाली, "हो का?" गाळ साचतो, हा दुसरा. पाखरे हिवाळ्यात जास्त येतात, हा पाचवा. लोक प्रत्येक वेळी समजूतदारपणे माना हलवत होते, जणू विद्यापीठ आता बरे शिकायला लागले आहे. बाराव्या निबंधात थोडी खळबळ झाली: पहिल्याच वर्षीच्या मे महिन्यात पाणी एका दिवसात हातभर उतरले, म्हणून तलावाखाली भेग असावी. तेरावा निबंध सगळा त्या भेगेवरच होता.

"ते खाली बारीक काय लिवलं आहे?" श्रावणजींनी विचारले.

ती तळटीप होती. तळटिपांचे भाषांतर मी केले नव्हते. नियोजनात तेवढीच फट होती. मी सरळ मराठी करत वाचत गेले, आणि वाक्य अर्ध्यावर आल्यावर थांबता येईना: "अथवा, स्थानिक निरीक्षकाचा निष्काळजीपणा."

श्रावणजींनी व्याह्यांच्या मांडीवर थाप मारली. "झोपला होता वाटते बगळा." सतरंजीभर हशा पिकला. सुखदेवभाऊ उठून गेले. मला वाटले, संपले सगळे. पाच मिनिटांनी ते वही घेऊन आले, बोटाने त्याच मे महिन्यातली एक ओळ दाखवली आणि म्हणाले, "हे वाचा. मोठ्यानं."

वहीत तारीख, वेळ, आकडा, आणि त्यांनी स्वतः पट्टीने आखलेला चौथा रकाना: शेरा. मी वाचले. "पोराच्या लग्नात भोंग्याचा बांबू मोडला. तलावातला खांब काढून भोंगा बांधला. खांब नेणारे: व्याही. मी नाही म्हटले होते. सायंकाळी परत रोवला, पण व्याह्यांनी काठाजवळ रोवला. खोल पाण्यात उतरले नाहीत. म्हणून आकडा हातभर कमी."

आता जो हशा झाला तो मघाच्या दुप्पट होता. आजीने तर पदर तोंडाला लावला. श्रावणजी छताकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "भोंगा वाजला का नाई, ते पुसा."

मीही हसत होते. तेवढ्यात सुखदेवभाऊ माझ्याकडे वळले. "मॅडम, ह्या पानाचा फोटू तुमाले पाठवला होता ना?"

पाठवला होता. दर महिन्याला येत असे. मी तो नीट टंकून पुढे धाडत असे: तारीख, वेळ, आकडा. मी सांगितले, विद्यापीठाच्या तक्त्यात चौथा रकाना नव्हता.

"मंग काहून नाई आखला? मी त आखला."

ह्यांनी खोकल्यासारखे केले. मी विचारले, निबंधात तुमचे नाव घालायला लिहू का? त्यांनी वही मिटली. "नाव नसलं तरी चालते, मॅडम. शेरा टाका. माह्या तीन वर्सांत एक सकाळ चुकली नाई."

जेवायला लाखोरीची (लाखेच्या कोवळ्या पाल्याची) भाजी, भात आणि तलावातल्याच माशांचा रस्सा होता. श्रावणजींना सुखदेवभाऊंच्या सुनेने, म्हणजे श्रावणजींच्याच मुलीने, विचारले, "बाबा, बगळ्याची मासोळी वाढू का?" त्यांनी मान खाली घालून दोनदा घेतली.

परत नागपूरला पोहोचून आज आठवडा झाला. तीन वर्षांचे सगळे शेरे टंकून झाले, तक्त्याला रकाना जोडला, बारावा-तेरावा मागे घेण्याची विनंती लिहिली. भेग त्यांना फार आवडली होती, तरी लिहिली. पत्राचा मसुदा समोर आहे. निष्काळजीपणा कोणाचा, ती एक ओळ भरायची राहिली आहे.