उतरत्या तलावाचं चित्र

आता तुम्हीच सांगा, काल जिथवर पाणी होतं तिथवर रंगवून टाकलं तर कोणाचं काय बिघडते? पण माझा मोठा भाऊ ऐकेल तर ना! फोनवर आमचं हेच भांडण. हायवेवरच्या एका ढाबेवाल्यानं दादाला गावच्या तलावाचं चित्र काढायला सांगितलं होतं. तलावातून धानाच्या शेतांना पाणी सोडलेलं, तलाव रोज उतरायचा, आणि दादा रोज काठ खोडून नवा काढायचा. शेवटी मी हैदराबादहून निघालोच. परतीची तिकिटं दोन काढली. चित्र विकलं नाही तर दादानं माझ्यासोबत इमारती रंगवायला यायचं, अशी बोली झाली होती.

तुम्ही येणार असाल तर गोंदियाला उतरा. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खा, तीस रुपयांत काम होते. मग बल्लारशाकडची पॅसेंजर धरून सौंदड, पुढे ऑटो. रस्ता बरा आहे.

घरी वहिनीनं उकडलेले शिंगाडे पुढे ठेवले. "भाऊजी, तुमीच समजवा यायले."

सकाळी तलावावर गेलो. दादा ब्रश न उचलता नुसता बसलेला.

"काढ ना, दादा."

"बगून राहिलो."

"काय बगतं? चिखलच त आहे."

"कोनता? कालचा का आजचा?"

चिडून बघितलं, आणि मग बघतच राहिलो. पाण्यालगतचा चिखल काळा, चकचकीत. त्याच्यावर राखाडी पट्टा, भेगा धरत असलेला. त्याच्याही वर पोपटी गवताची कोवळी लव. रंगकामात माझी उमर चालली, शेडकार्ड तोंडपाठ आहे. यातला एकही रंग त्यात नाही. दादाच्या कागदावर मात्र सगळे होते.

दुपारी ढाबेवाला आला. "पेंटर, मैंने तालाब बोला था, तूने कीचड़ दे दिया! दो-चार हंस तो डाल."

"हंस इथं येत नाई, शेट. बगळा देऊ का?"

शेट हसला, गाडीला किक मारली आणि चित्र न घेताच गेला. दादानं ब्रश पुसले, फडक्यात गुंडाळले. "चाल. बोली म्हंजे बोली."

"थांब," मी म्हटलं. "चित्र विकलं. म्या घेतलं."

"तू? कायले?"

"मले पाहिजे म्हनून!"

एक तिकीट रद्द केलं. एकटाच परत आलो.

आता ते चित्र हैदराबादच्या खोलीत लावलं आहे. छत्तीसगडचा रूम पार्टनर कामावरून आला, चपला न काढताच समोर उभा राहिला. "पानी अभी-अभी छोड़ा है क्या खेत में?" मी त्याला एक शब्द सांगितला नव्हता.

घासाघीस नाही केली. शेट देणार होता तेवढेच आज दादाच्या खात्यावर टाकतो आहे: चार हजार रुपये.