वॉर्डातला कडू घास

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्हा सिस्टर लोकांचं मन सांभाळायचं असं वर कुठंतरी ठरलं. म्हणून मोबाईलवर मीटिंग. मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा, समुद्र आठवा. मी जन्मात समुद्र बघितला नाही. मला आमच्या गावची तेरणा नदी आठवली, तीही उन्हाळ्यातली, कोरडीठाक. मग फॉर्म आला. झोप लागते का? हो. भूक लागते का? हो. दोन्ही खोटं, पण 'नाही' म्हटलं की आणखी चार प्रश्न उघडायचे.

वॉर्डातल्या मावशींना फॉर्म नव्हता. त्या कंत्राटी. गेलेल्या माणसाला बॅगेत घालून चेन लावायचं काम मात्र त्यांचंच. नातेवाईक गेटाबाहेर, त्यामुळं शेवटचं तोंड बघायच्या त्याही मावशीच.

एक दिवस फरशी पुसता पुसता त्या कलंडल्या. शुगर पार तळाला. सलाईन लावलं, त्यांचा डबा उघडला, तर भाकरी जशीच्या तशी. विचारलं तर तीन दिवस बाई नुसत्या चहावर होत्या. माझं टाळकंच सरकलं.

"जीव द्यायचाय का मावशी? इथं आधीच खाटा कमी आहेत."

त्या शांतपणे म्हणाल्या, "माणूस गेल्यावर सोयऱ्यांनी कडू घास आणल्याबिगर खायचं नसतं, सिस्टर. हितं रोज कुणीतरी जातंय. सोयरा एक बी येत न्हाय."

"पण ते तुमचे कोण लागत होते?"

"तोंड म्या पुसलं, बांधलं म्या. मग कोण लागते मी?"

मी सलाईनची बाटली बदलली. घरी जाऊन पिठलं ढवळताना मला रडू फुटलं. राग मावशींवर नव्हताच. गेलेल्यांसाठी मी एकदाही रडले नव्हते, त्याचा होता.

दुसऱ्या दिवशी पीपीई किट उतरवून वॉर्डामागच्या लिंबाखाली मी मावशींपुढं पिठलं-भाकरी सोडली.

"मी सोयरी. उघडा तोंड."

"खरंच?"

"खोटं बोलायला मी काय फॉर्म भरतेय?"

पहिला घास मी भरवला. मग त्यांनी दीड भाकरी खाल्ली आणि पिठल्यात मीठ कमी आहे म्हणाल्या. अर्धी माझ्यापुढं सरकवली. मी पण खाल्ली, किती दिवसांनी कोण जाणे.

हात धुता धुता मावशी म्हणाल्या, "उद्या बी आणा. सहा नंबरच्या आजोबांचं काय खरं न्हाय."