तपकिरी तायवो

इला गावात सुनमोनूच्या हाताखालून न गेलेला चेहरा शोधून सापडला नसता. फोटो धुवायची अंधारी खोली मोडून दहा वर्षं झाली, तरी म्हातारा स्वस्थ बसणाऱ्यातला नव्हता. जुने कृष्णधवल फोटो स्कॅन करायचे, संगणकावर त्यांत छटा भरायची आणि घरच्याच इंकजेट प्रिंटरवर छापायचे, हे त्याचं आताचं काम. हात फार चांगला. पण त्या हाताची गुर्मी त्याहून मोठी, आणि तिनेच घात केला.

सोमवारी जुळ्यांची आई आली. जुळी झाली त्या दिवसापासून गाव तिला त्याच अर्थाने इया इबेजी म्हणे. ऐंशीच्या घरातल्या त्या बाईचं खरं नाव आता कुणाला आठवतही नव्हतं. तिच्या जुळ्या मुलींतली तायवो पाचव्या वर्षी गोवराने गेली. तेव्हा रिवाजाप्रमाणे सुनमोनूने मागे राहिलेल्या केहिंदेचा एकच फोटो काढून दोनदा छापला आणि दोन्ही प्रती कार्डावर शेजारी शेजारी चिकटवल्या. एक केहिंदे, एक तायवो. मेलेलीला जिवंत बहिणीचा चेहरा. ओळखू यावी म्हणून तायवोची प्रत त्याने रसायनात बुडवून तपकिरी केली होती. पन्नास वर्षं आई त्या तपकिरी पोरीपुढे चवळी शिजवून ठेवत आली, तिच्याशी बोलत आली.

आता केहिंदेही गेली होती. शनिवारी दफन.

"बुरशी चढलीय बघ. साफ कर, मोठा कर," एवढंच सांगून, तो जोडफोटो टेबलावर ठेवून इया निघून गेली.

छटा नंतर भरायची, म्हणून सुनमोनूने नेहमीसारखं राखाडीतच स्कॅन केलं. मग मूळ फोटोवर ओला कापूस फिरवला. बुरशीने खाल्लेला थर कापसाबरोबर निघून आला आणि कार्डावर नुसते पांढरे डाग राहिले. बुरशीच्या फोटोला पाणी लावू नका, असं जन्मभर गावाला बजावणारा हाच शहाणा!

पडद्यावर दोन राखाडी केहिंदे. तपकिरी डावी होती की उजवी? काही केल्या आठवेना. इयाला विचारावं तर हाताची अब्रू जाणार. चुकीच्या पोरीला रंग दिला तर म्हातारी भलत्याच लेकीला तायवो म्हणून हाक मारणार. दोन दिवस त्याचं खाण्यापिण्यात लक्ष नव्हतं.

शेवटी डावीला छटा दिली. पहिला कागद उन्हात हिरवट दिसला. लाल चढवला तर विटकरी झाला. सातव्या कागदावर रंग अगदी जुन्यासारखा उतरला. पण बाजूचं काय?

शुक्रवारी इया दारात उभी.

"झालं का रे?"

"बसा, इया."

"बसायला वेळ कुठला! घरी बायका कांदे चिरतायत. दाखव."

तिने कागद बराच वेळ डोळ्यांशी धरला. सुनमोनूला राहवेना.

"इया, मूळ फोटो माझ्या हातून धुऊन गेला. हा रंग मी अंदाजाने दिलाय. तायवो कुठली, ते मला माहीत नाही."

"उजवीकडची. एवढा म्हातारा झालास, एकदा तोंड उघडून विचारता आलं नाही?"

"चुकलं माझं. पाच मिनिटं द्या. डावीचा रंग काढतो, उजवीला देतो."

"काढू नकोस."

"पण ती तर केहिंदे!"

"मग? ती काय घरी बसलीय माझ्या?" म्हातारीचा आवाज फाटला. "मेलेलीला तपकिरी, असं तूच ठरवलं होतंस ना? तिलाही राहू दे. आता उजवीलाही दे."

सुनमोनूने उजवीला तीच छटा दिली आणि कागद लावला. प्रिंटर कुरकुरत राहिला. कागद बाहेर आला तेव्हा त्यावर जिवंत असं कुणी उरलं नव्हतं. शाई ओली होती. तरी इयाने तो छातीशी धरला आणि तिथेच उभ्याउभ्या रडली.