हाड म्हटलं की येणारं कुत्रं

घरात कुत्रं पाळायचं नाही, हा बाबांचा हुकूम होता. आणि मायनं एक पाळलं होतं, हेही खरं होतं. पिल्लू दाराशी आलं तेव्हापासून ती त्याला रोज भाकरीचा तुकडा टाकायची आणि आत बसलेल्या बाबांना ऐकू जाईल अशी ओरडायची, "हाड! हाड!" बाबांना वाटायचं, हाकलून राहिली. पिल्लाला वाटायचं, जेवायला बोलावून राहिली.

गावातली बाकीची कुत्री हाड म्हटलं की पळायची. आमचं शेपटी हलवत जवळ यायचं.

हे मला कळलं ते बी.ए.ची शेवटची परीक्षा देऊन घरी आले तेव्हा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हिंगोलीत खोली करून शिकले, आणि हे सांगताना मी आजही आवाज खाली करत नाही. निकाल लागायचा होता. जीव एका जागी ठरत नव्हता. ओट्यावरून आत, आतून ओट्यावर, असं चाललेलं.

गल्लीभर उकडलेली हळद वाळत घातली होती. आमचं कुत्रं शेजारच्या काकूंच्या हळदीवरून चाललं. काकू ओरडल्या, "हाड!" ते थेट त्यांच्या अंगाशी. त्या मागं सरकता सरकता पडल्या, पडल्या पडल्याच दगड हाणला.

"पिसाळलं वं माय! हाकलावं तसं अंगावर येऊन राहिलं!"

पिसाळलं हा शब्द गावात एकदा सुटला की परत येत नाही. काकूंच्या दिरानं काठी दाराला टेकवून ठेवली. "पुन्हा आलं की संपलंच," असं त्यानं आमच्या ओट्यापाशी येऊन सांगितलं.

"आमचं न्हाईच ते," बाबा म्हणाले.

आत मायची तव्यावरची भाकर मात्र करपली.

कुत्र्याच्या मागच्या पायाला लागलं होतं. मी मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, हळद भरली. कानामागच्या गोचिडी वेचल्या, फुटक्या माठाच्या बुडात पाणी ठेवलं. दुखत होतं तरी ते गुमान पडून होतं, मधूनच माझं मनगट चाटत होतं. हे पिसाळलेलं नाही, हे मला दिसत होतं. गल्लीला कसं दाखवायचं?

बाबांनी उपाय सांगितला. "हाड म्हण अन् एक दगड घाल. बराबर शिकंल."

"ज्या शब्दाला भाकरी दिली त्याच शब्दाला दगड? कुणावर भरवसा ठेवावा त्यानं?"

"कुणी दिली भाकरी?"

चुलीपाशी भांडं आदळलं. बाबांनी पुढं विचारलं नाही.

सगळ्या गल्लीच्या तोंडातून हाड काढून घेणं माझ्या हातात नव्हतं. मग मी ठरवलं, हाड कुणीही म्हणो, भाकरी मिळेल ती आमच्याच उंबऱ्यावर. ताटली घेऊन ओट्यावर बसले. गल्लीत कुणी कुठल्याही कुत्र्याला हाड म्हणालं की मी ताटली वाजवायची, आमचं वळलं की तुकडा टाकायचा. आत जायची वेळ आली की मायच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं त्याला खांबाला बांधायचं.

गल्ली दिवसभर किती वेळा हाड म्हणते, हे मला तोवर माहीत नव्हतं. केस विंचरताना हाड. घास तोंडाशी नेला की हाड. दरवेळी मी ताडकन उठायची. कुत्रं अर्ध्या वाटेत थांबून एकदा त्या माणसाकडं बघायचं, एकदा माझ्याकडं, आणि माझा जीव टांगणीला.

येणारेजाणारे विचारायचे, "काय मास्तरीणबाई, निकाल कुणाचा लागायचा हाय, तुमचा का कुत्र्याचा?"

"दोघांचाबी," मी म्हणायची.

हळूहळू ते वळायला लागलं. पुढं ताटली न वाजवताही यायचं. पण आमच्या ओट्याजवळच्या हाडला. काकूंचं अंगण वळणापलीकडं होतं, तिथून मी दिसत नव्हते.

एका दुपारी मी आत पाणी प्यायला गेले, बाहेर आले तर खांबाला नुसती चिंधी. तेवढ्यात वळणापलीकडून काकूंचा आवाज आला, "हाड! हाड रे!" मागोमाग दिराचा, "थांब, आलो!"

ताटली आत राहिली होती, हातात तुकडा नव्हता. मी नुसती त्या वळणाकडं बघत राहिले.

कुत्रं आलं. कान मागं टाकून, दुखरा पाय उचलत, तीन पायांवर, सरळ उंबऱ्याशी. येऊन बसलं आणि माझ्या रिकाम्या हाताकडं बघायला लागलं.

मागून काठी घेऊन दीर आला. "आँ? पळालं की हे," तो म्हणाला. थोडा हिरमुसलाच. "हाड म्हणल्याबराबर पळालं."

"मग? पिसाळलेलं कुत्रं आयकतं व्हय?" मी म्हणाले.

बाबा आत जेवत होते. ते तसेच खरकट्या हातानं उठून बाहेर आले. त्यांनी काठीकडं पाहिलं, मग कुत्र्याकडं.

"आमचं न्हाई हे," त्यांनी दिराला ऐकवलं. आणि हातातली अर्धी भाकर उंबऱ्यावर टाकून केवढ्यानं तरी ओरडले, "हाड!"

आत मायला ठसका लागला.